ह्यांच्या पाण्याची आवक-जावक

आमच्या ह्यांच्या अंगातून पहिल्यांदा वाफा निघाल्या तेव्हा मी सोफ्यावर बसून मटार सोलत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

जानेवारीतली संध्याकाळ होती. आमचं घर सीवूड्सला, सातव्या मजल्यावर. त्या दिवसांत खाडीकडून चांगलं गार वारं येतं. हे टीव्हीसमोर बसले होते ते एकदम उठले. शर्टाची वरची दोन बटणं काढली, पंखा पाचवर केला, खिडकी सताड उघडली आणि म्हणाले, "अगं, गॅस चालू राहिलाय का? केवढं गरम होतंय!" कान लाल, मान लाल, टकलावर घामाचे थेंब. पाचच मिनिटांत तेच गृहस्थ कपाटात शाल शोधत होते. मी हातातली शेंग खाली ठेवली आणि म्हटलं, "या, बसा. आता तुम्हाला कळेल."

दोन वर्षांपूर्वी माझी पाळी गेली आणि माझ्या अंगातून अशाच वाफा निघायला लागल्या, तेव्हा ह्याच माणसाने मला थर्मामीटर आणून दिला होता. ताप नाही हे सिद्ध झाल्यावर "मग हे मनाचं आहे" असा निकालही दिला होता. एवढ्यावर थांबले असते तरी मी सोडून दिलं असतं. पण सोसायटीच्या बागेत सकाळी चालायला येणाऱ्या मित्रांना "आमच्याकडे सध्या उष्णतेची लाट आहे" असं सांगून हे हशा मिळवायचे. मला ते त्यांच्यातल्याच एकाच्या बायकोकडून कळलं.

आता ह्यांना वाफा का, ते सांगायला हवं. ह्यांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघाला होता. आमच्या नात्यात तो शब्द कोणी उच्चारत नाही, "ते" म्हणतात. पण मी सरकारी नोकरीत आहे, विषय स्पष्ट लिहिल्याशिवाय मला मजकुराकडे जाता येत नाही. वेळेत सापडला, रेडिएशन झालं, आणि मागे उरलं ते दर तीन महिन्यांनी पोटात घ्यायचं एक इंजेक्शन. हे इंजेक्शन शरीरातला पुरुषी हार्मोन बंद करतं, कारण त्या गाठीला वाढायला तोच लागतो. दवाखान्यातून दुष्परिणामांचा एक छापील कागद मिळाला होता. वाफा, चिडचिड, वजन वाढणं, झोप उडणं, पायांना सूज, कारण नसताना रडू येणं. मी तो वाचून म्हटलं, "ही तर माझीच यादी आहे."

तर अशा रीतीने आमच्या दोन खोल्यांच्या घरात दोन माणसं राहायला लागली, एकाचे हार्मोन वयाने बंद केलेले आणि दुसऱ्याचे इंजेक्शनने. मला वाफ आली की ह्यांना थंडी वाजायची आणि ह्यांना आली की मला. पंख्याच्या रेग्युलेटरवरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी बत्तीस वर्षांच्या संसारात कशावरून झाली नव्हती. मालिकेत कोणाची पाठवणी चालू असली की दोघंही डोळे पुसायचो. पूर्वी अशा वेळी हे उठून पाणी प्यायला जायचे. आता बसून राहायचे आणि मला म्हणायचे, "बघ, त्या बापाला काय वाटत असेल."

मार्चमध्ये पाय सुजायला लागले. ह्यांनी मोजे काढल्यावर पोटरीवर इलॅस्टिकची खोल खाच दिसायची. अंगठ्याने नडगी दाबली की खड्डा पडायचा आणि सावकाश भरायचा. हे रोज संध्याकाळी खड्डा पाडून बघायचे, जसा काही त्यांना छंदच लागला होता. मी म्हटलं, "दाबून बघत बसू नका, डॉक्टरकडे चला."

नेरुळला एक हृदयाच्या डॉक्टर आहेत, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी ह्यांची छाती ऐकली, पाय दाबले, बीपी घेतलं, इंजेक्शनची फाईल नीट वाचली. मग टेबलाखाली वाकून माझ्या पायांकडे बघत म्हणाल्या, "काकू, तुमचेही पाय दाखवा." मी दाखवले. माझ्याही नडगीवर खड्डा पडला. ह्यांच्याहून जरा उथळ होता, पण होता. हे अगदी खूश झाले.

मग बाईंनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. मला आतापर्यंत वाटायचं की हृदय म्हणजे पंप. दिवसरात्र उपसा करतो, एवढंच त्याचं काम. पण नाही, हृदय स्वतःही एक हार्मोन तयार करतं. आत रक्ताचा भरणा जास्त झाला, भिंती ताणल्या गेल्या, की ते हा हार्मोन रक्तात सोडतं, तो मूत्रपिंडापर्यंत जातो आणि सांगतो की मीठ आणि पाणी बाहेर जाऊ दे, इथे गर्दी झाली आहे. म्हणजे हृदय चक्क पत्रव्यवहार करतं! एकोणतीस वर्षं बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात काढलेल्या बाईला ह्याहून जवळचं काय वाटणार?

"ह्या हार्मोनचा आकडा रक्तात मोजता येतो," बाई म्हणाल्या. "फार चढलेला असेल तर समजायचं, हृदयावर ताण आहे. दोघांचंही रक्त देऊन ठेवा. आणि काकू, बायकांमध्ये हा आकडा पुरुषांपेक्षा जास्तच असतो. तुमचा वर दिसला तर लगेच टेन्शन घेऊ नका." हे वाक्य मी मनात नोंदवून ठेवलं, आणि पुढचा सगळा घोळ त्या नोंदीमुळे झाला.

शिवाय बाईंनी ह्यांचं मीठ कमी केलं, रोज सकाळी वजन करायला सांगितलं, आणि आठ दिवस ह्यांनी किती पाणी प्यायलं नि किती लघवी झाली ते मोजून लिहायला सांगितलं. हृदयाचा इको त्या स्वतःच करणार होत्या, पण चुलत बहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला निघाल्या होत्या, म्हणून आठ दिवसांनंतरची वेळ दिली. "लिहायला कोणी आहे ना घरी?" त्यांनी विचारलं. ह्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही.

त्याच दिवशी मी दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, आवक, जावक, शेरा. आवकेसाठी स्वयंपाकघरात खुणांचा प्लास्टिकचा जग ठेवला आणि जावकेसाठी बाथरूममध्ये तसाच दुसरा, लाल, म्हणजे अदलाबदल नको. ह्यांनी आयुष्यभर तळोज्याच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल केली, गेज आणि मीटर वाचण्यात त्यांची हयात गेली, पण स्वतःचं मीटर वाचायची वेळ आल्यावर नवरीसारखे लाजायला लागले.

"अंदाजे लिही ना," म्हणायचे.

"अंदाजे काही नसतं."

"अगं, मगभर."

"मगभर म्हणजे किती? खूण वाचून सांगा. डोळ्यांच्या रेषेत धरून."

चहाला एक क्रमांक, ताकाला एक क्रमांक, गोळीबरोबर घेतलेल्या दोन घोटांनाही क्रमांक. कलिंगडाने मला अडचणीत आणलं, कारण त्यात पाणी किती आणि कलिंगड किती हे कोण सांगणार? मी ते "इतर" ह्या शीर्षाखाली घेतलं. आमटी पातळ होती की दाट, ह्यावरून आमच्यात वाद झाला आणि शेवटी मीच केली असल्यामुळे माझा शब्द ग्राह्य धरला. माझं ऑफिस असायचं तेव्हा हे कागदाच्या कपट्यांवर लिहून ठेवायचे आणि मी संध्याकाळी आल्या आल्या, पर्स खांद्यावर असतानाच, नोंदी चढवायचे.

तिसऱ्या दिवशी हिशेब जुळेना. आवक भरपूर आणि जावक जेमतेम अर्धी. घामाने थोडं जातं हे कबूल, वाफा मी स्वतः बघत होते, पण एवढं? आत तर साठत नाहीये ना? दुसऱ्या दिवशी सकाळी वजन केलं तर वजन वाढलेलं नव्हतं. मग पाणी गेलं कुठे? मी चौकशी लावली. सुरुवातीला हे काही दाद देईनात. शेवटी कबूल झाले. दुपारी मी ऑफिसात असताना हे चालत स्टेशनजवळच्या मॉलमध्ये जायचे आणि तिथल्या स्वच्छतागृहात मोकळे होऊन परत यायचे.

"त्या लाल जगाकडे बघितलं की होतच नाही," म्हणाले.

"म्हणजे जावक परस्पर पाठवत होतात?"

"तिथे निदान कोणी खूण वाचायला सांगत नाही."

मी रजिस्टरमध्ये शेरा लिहिला, "सोम. ते बुध. जावक बाह्य ठिकाणी झाल्याने नोंद उपलब्ध नाही." ह्यांनी तो वाचला आणि हसू दाबत बाल्कनीत गेले. पण मॉल बंद झाला.

मिठाचा कारभार त्याहून अवघड होता. आमच्याकडे सारसोळ्याची एक मावशी मासे घेऊन येते, वर्षानुवर्षांची. मी तिला सांगितलं की आता सुकट नको, सुके बोंबील नको, डॉक्टरांनी खारं बंद केलंय. ती टोपली उचलता उचलता थांबली. "बाय, मीठ नाय तं मावऱ्याला चव कुठनं येनार? मानूस जगंल पन खाईल काय?" आणि आतून हे मोठ्याने म्हणाले, "बघ, मावशींना कळतं." मी ताजी कोलंबी घेतली आणि मिठाऐवजी लिंबू पिळलं. ह्यांनी ती औषध घेतल्यासारखी खाल्ली.

आता रक्ताचं. क्लिनिकच्याच खालच्या मजल्यावर लॅब आहे. आम्ही डॉक्टरांना भेटलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी उपाशीपोटी गेलो. आधी ह्यांची पाळी होती. हे खुर्चीत बसले, मुलीने दंडाला पट्टा बांधला आणि तेवढ्यात ह्यांना वाफ आली. हे पट्ट्यासकट उठून पंख्याखाली जाऊन उभे राहिले. वेळ जायला नको म्हणून त्यांच्या जागी मी बसले. पाच मिनिटांनी हे आले. टेबलावर नळ्या होत्या, नळ्यांवर चिकटवायच्या नावांच्या पट्ट्या होत्या, आणि मागे रांग होती. एवढं सगळं मी बघितलं होतं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

रिपोर्ट चौथ्या दिवशी मोबाईलवर आले. मी ऑफिसात होते. माझा आकडा मर्यादेच्या रेषेच्या आत होता. ह्यांचा माझ्या दुपटीहून जास्त, रेषेच्या वर, शेजारी ठळक चांदणी.

मी दोन वेळा वाचला. मग मला बाईंचं वाक्य आठवलं. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्तच असतो. इथे तर उलटं होतं. मग पंखा आठवला, खुर्ची आठवली, टेबलावरच्या पट्ट्या आठवल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अदलाबदल! एकोणतीस वर्षांत मी किती अदलाबदली पाहिल्या आहेत. एकदा माझ्याच हातून एका गृहस्थाचा निवृत्तीचा कागद दुसऱ्याच्या बदलीच्या फाईलला लागला होता आणि तो बिचारा दोन महिने घरीही बसेना नि कामावरही जाईना. चूक कशी होते हे मला कोणी शिकवायला नको. ही चांदणी माझी होती, ह्यांच्या नावावर चढली होती.

म्हणजे ताण माझ्या हृदयावर होता. हे लक्षात आल्यावर मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर, आणि जरा कमीच. आधी काय वाटलं ते मी इतक्या दिवसांनी सांगते. सुटल्यासारखं वाटलं. ह्या माणसाने एका वर्षात गाठ पाहिली, रेडिएशन पाहिलं, पोटात सुया घेतल्या, मित्रांमध्ये विनोद करता करता एकाएकी गप्प व्हायला शिकला. त्यात आता हृदय नको होतं. मला तो आकडा त्यांचा नको होता. बाकी सगळी कारणं मी नंतर गोळा केली.

दुपारची अर्धी रजा टाकून मी लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. "नाही काकू, काकांचाच आहे. बारकोड तुमच्यासमोर लावलेत." मी म्हटलं, "माझ्यासमोर ते पंख्याखाली होते." तिने आतून एका ज्युनिअर डॉक्टरला बोलावलं. त्याने ह्यांना दम लागतो का, छातीत दुखतं का, आडवं झाल्यावर त्रास होतो का, सगळं विचारलं. काही नव्हतं. मग म्हणाला, "घाबरायचं कारण नाही, मॅडम सोमवारी आल्या की इको करतीलच. फार तर परत रक्त घेऊ." मी म्हटलं, परत घ्या, पण आधीच्या चुकीचं काय? आणि बाकावर बसून रीतसर पत्र लिहिलं, दोन प्रतींत. एक त्यांना दिली, दुसरीवर पोच म्हणून सही-शिक्का घेतला. मुलीने बिचारीने शिक्का शोधून आणला.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "रिपोर्ट आले का गं?"

"आले. ठीक आहेत," मी म्हटलं.

"हं," हे म्हणाले. माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही की रिपोर्ट ह्यांच्याही मोबाईलवर आला असणार.

त्या संध्याकाळपासून मी ह्यांना स्वयंपाक शिकवायला लागले. न जाणो, माझं काही बरंवाईट झालं तर हा माणूस बिस्किटांवर राहील. कारण अर्थातच सांगितलं नाही. "रिटायर झालात, रिकामे बसता, हात चालवा जरा," एवढंच म्हटलं. तुरीची डाळ कुठल्या डब्यात आहे, कुकरच्या किती शिट्ट्या, फोडणीत आधी काय नि मग काय. आश्चर्य म्हणजे हे तक्रार न करता शिकले. फक्त मधेच डोळे भरून यायचे. मी म्हणायचे, इंजेक्शनचं आहे.

आणि हे मला शिकवायला लागले! इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घालायचं. गॅसचा मुख्य कॉक कुठे आहे. मोबाईलवरून सिलिंडर कसा नोंदवायचा. टाकीचा व्हॉल्व्ह अडकला तर कुठल्या प्लंबरला फोन करायचा आणि कुठल्या प्लंबरला मेलं तरी करायचा नाही. वॉशिंग मशीनचा पाईप माझ्याकडून तीन वेळा काढून परत लावून घेतला.

"मला हे कशाला?" मी विचारायचे.

"असू दे. माहीत असावं."

"तुम्ही आहात ना!"

"आहे ना. म्हणून तर शिकवतोय."

मला त्यांची दया यायची. मनात म्हणायचे, बिचाऱ्याला कल्पनाही नाही की जिला शिकवतोय ती बाईच राहणार नाही. एकाच ओट्यापाशी, एकाच वेळी, मी ह्यांना जिरं आणि ओवा ह्यांतला फरक सांगत होते आणि हे मला सिलिंडरचा वॉशर बदलून दाखवत होते. शनिवारी ह्यांनी आयुष्यातली पहिली आमटी केली. मीठ डॉक्टरांच्या हुकमाने चिमूटभर, गूळ मात्र सढळ हाताने. मी दोन वाट्या प्यायले. ती माझी आवक होती, नोंद करायची नव्हती.

सोमवारी आम्ही रजिस्टर घेऊन नेरुळला गेलो. बाईंनी आधी ह्यांचा इको घेतला आणि मला आत बसू दिलं. अंधाऱ्या खोलीत, करड्या पडद्यावर, ह्यांचं हृदय दिसत होतं. झडप उघडत होती, मिटत होती. बत्तीस वर्षं मी ह्या माणसाचं खाणं, कपडे, विसरलेले चष्मे सगळं बघत आले आणि हे मात्र आजच बघत होते. कोणी सांगत नसताना, कोणी नोंद ठेवत नसताना ते आपलं काम करत होतं. मी पदराने डोळे पुसले. माझ्याकडे इंजेक्शनचं निमित्त नव्हतं, तरी कोणी विचारलं नाही.

नंतर माझा इको झाला. मग बाई टेबलापाशी बसल्या. "दोघांची हृदयं अगदी व्यवस्थित आहेत," म्हणाल्या. आणि मग समोरचा एक कागद उचलला. "काकू, लॅबने मला हे दिलंय. हे काय आहे?"

मी म्हटलं, "ते राहू दे, मॅडम." पण त्यांनी वाचायला सुरुवात केली होती, आणि मोठ्याने.

"विषय, रक्त तपासणी अहवालातील नावांच्या अदलाबदलीबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, मी व माझे पती यांनी आपल्या लॅबमध्ये एकाच दिवशी रक्ताचे नमुने दिले होते. अहवाल पाहता पतीच्या नावे दाखविलेला वाढीव आकडा वस्तुतः माझा असल्याचे दिसून येते. तरी सदर वाढीव आकडा पतीच्या नावावरून कमी करून माझ्या नावे वर्ग करण्यात यावा, ही विनंती."

हे माझ्याकडे बघत होते. मी रजिस्टरच्या कडेला लागलेला धागा ओढत बसले.

"अदलाबदल झालेली नाही, काकू," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आकडा काकांचाच आहे. पुरुषी हार्मोन हृदयाच्या ह्या हार्मोनला दाबून धरतो, म्हणून पुरुषांचा आकडा कमी असतो. इंजेक्शनने काकांचा पुरुषी हार्मोन बंद झालाय. दाबणारा गेला, आकडा वर आला. हृदय बिघडलं म्हणून चढलेला नाही हा, तेच आज इकोत बघून घेतलं. ह्या इंजेक्शनवर हृदयाकडे लक्ष ठेवायला लागतं, ते आपण ठेवू. काकांची सूज बहुतेक बीपीच्या गोळीने आहे, ती बदलते. आणि तुमची सूज..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाळी गेल्यावर शरीराची मीठ-पाण्याची रीत थोडी बदलते. त्यात दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसता. डब्यात लोणचं असतं का?"

"रोज असतं," हे म्हणाले. आठ दिवसांत एवढ्या आनंदाने बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य होतं.

मी विचारलं, "म्हणजे ह्यांचं हृदय आता बायकांसारखं आकडे दाखवतंय?"

"त्या एका बाबतीत, साधारण तसंच म्हणा."

हे म्हणाले, "उष्णतेची लाट, रडू, सूज, आणि आता हृदयही. अजून काही राहिलंय का गं तुझ्याकडचं?"

आम्ही रिक्षाने घरी निघालो. सिग्नलला ह्यांनी समोर बघतच विचारलं, "म्हणून आमटी शिकवलीस होय?"

"आणि म्हणून वॉशर बदलायला शिकवलात होय?"

"माझ्या मोबाईलवर चौथ्या दिवशीच आला होता रिपोर्ट."

मग आम्हाला हसू फुटलं. रिक्षावाल्याने आरशात दोनदा बघितलं. हसता हसता ह्यांना वाफ आली आणि त्यांनी डोकं रिक्षाबाहेर काढलं.

घरी आल्यावर ह्यांनी माझ्याकडे त्या पत्राची पोच घेतलेली प्रत मागितली. ज्या माणसाने माझ्या ऑफिसच्या भाषेची आयुष्यभर टिंगल केली, "भाजी आणण्यात यावी" म्हणून मला चिडवलं, त्याने ती प्रत चष्मा लावून उभ्यानेच वाचली, घडी घातली आणि स्वतःच्या फाईलमध्ये, इंजेक्शनच्या कागदांवर ठेवली. मी भाकरी थापायला आत गेले. मीठ घातलं नाही.

जेवणं झाल्यावर रजिस्टर बंद करायचं म्हणून उघडलं. शेवटच्या नोंदीखाली, शेऱ्याच्या रकान्यात, रकान्याबाहेर जाणाऱ्या ह्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "आपली आकडा वर्ग करण्याची विनंती नामंजूर करण्यात येत आहे. असली विनंती पुन्हा करू नये." खाली सही होती, तारीख होती.

मी त्याखाली "पोचले" लिहिलं आणि सही केली.